फरची डहाळी

झेन्झी ट्रोयरचा बाप्तिस्मा भर हिवाळ्यात झाला. वाट बर्फाखाली गेली होती आणि तान्ह्या पोरीला खाली चर्चपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न होता. तिचा धर्मपिता व्हायचं ज्यानं कबूल केलं होतं त्या आल्बान विब्मरनं आपली शिकारीची पाठपिशवी झटकली, आत लोकर घातली आणि लोकरीत झेन्झीला बसवलं. एरवी ज्या पिशवीतून रानबकरा खाली यायचा, त्या पिशवीतून ती देवाच्या दारात उतरली. पाद्रीबाबांनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या टोपीला जुन्या रक्ताचा डाग लागला होता म्हणतात. खरं-खोटं सांगायला आता आल्बानशिवाय कुणी उरलं नाही.

पुढं आयुष्यभर दरीतल्या लोकांना थट्टा करायची लहर आली की ते विचारायचे, "काय गं झेन्झी, तुला कुठं टिपलं होतं?"

"आल्बान काकांना विचारा," ती म्हणायची. "त्यांचा नेम चुकत नाही."

ती शाळेत जायला लागली त्या वर्षी तिचा बाप हिमलोटात गेला. गावातली माणसं लांब काठ्या बर्फात खुपसत शोधत राहिली आणि अंधारून आल्यावर एकेक करून परत फिरली. आल्बान फिरला नाही. त्यानं तिच्या बापाला शोधून काढलं, पाठीवर घेऊन खाली आणलं, आणि तिच्या आईला एवढंच म्हणाला, "सापडल्याशिवाय घरी कसा येणार?" झेन्झी दाराआड उभी होती. बापाच्या चेहऱ्यापेक्षा तिला ते वाक्यच जास्त आठवतं.

वसंतात आल्बाननं शिकाऱ्यांच्या रखवाल्या संत हुबर्टच्या लहान देवळाशेजारी तिच्या बापाच्या नावानं फरचं, सुईसारख्या पानांच्या झाडाचं, रोप लावलं. दरीत सगळी स्प्रूस आणि लार्चची झाडं. फर उगवतो, पण टिकत नाही, कारण हरणांना त्याचा कोंब साखरेसारखा लागतो. आल्बाननं रोपाभोवती कुंपण घातलं आणि रोप हरणांच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत दर वर्षी ते दुरुस्त केलं. त्या अख्ख्या डोंगरउतारावर फरचं तेवढं एकच झाड आहे.

तिला शिकार त्यानंच शिकवली. पहिल्यांदा त्यानं तिच्यादेखत हरीण मारलं तेव्हा ती पळत पुढं निघाली होती. त्यानं दंड धरून तिला थांबवलं, डोक्यावरची हॅट काढली आणि हरणापाशी गुडघे टेकले. मग जवळच्या झाडाची डहाळी मोडून ती हरणाच्या तोंडात दातांमध्ये आडवी ठेवली.

"हा त्याचा शेवटचा घास," तो म्हणाला. "उपाशी पाठवायचं नाही कुणाला."

"तो तर मेलाय, काका."

"म्हणून तर आपण द्यायचा. त्याला आता स्वतःहून घेता येत नाही."

दुसरी गोष्टही त्यानंच शिकवली. नेम चुकतो, तो म्हणायचा. हात माणसाचा आहे, आणि देवाला ते ठाऊक आहे. पण गोळी लपवायची नाही. जखमी जनावर मागं टाकून जो जेवायला बसतो, त्यानं जेवणाआधी प्रार्थना म्हणू नये. देव ऐकत असेल तर त्याला लाज वाटेल.

झेन्झीनं बंदूक फारशी हाती घेतली नाही. तिनं कुत्री घेतली. जखमी जनावराचा माग काढणाऱ्या, लालसर, लोंबत्या कानांच्या, गंभीर चेहऱ्याच्या कुत्र्या. एक म्हातारी झाली की दुसरी. आताची बिर्का. ती आल्बानच्याच घरी जन्मली होती आणि पहिला हिवाळा त्याच्या शेगडीजवळ, त्याच्या बुटांवर झोपून काढून मग झेन्झीकडे आली होती. लग्न झेन्झीनं केलं नाही. गाई होत्या, हुबर्टच्या देवळाची किल्ली होती, सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवायची असायची, आणि दरीत कुणाचीही गोळी सुटली की घरातला फोन वाजायचा. तो वाजलाच पाहिजे असा त्या दरीचा नियम होता. लागली असो वा चुकली, प्रत्येक गोळी झेन्झीच्या कानावर घालायची. चुकली म्हणणाऱ्याच्याही जागेवर ती कुत्री घेऊन जाऊन यायची. माणसाचा डोळा त्याला हवं ते बघतो, कुत्रीचं नाक तसं करत नाही.

मागावर निघताना ती बिर्काच्या गळ्यात रुंद पट्टा घालायची, त्याला लांब चामडी दोर अडकवायची आणि पुटपुटायची, "देवा, त्याचं दुखणं संपू दे, आणि संपेपर्यंत माझे पाय टिकू दे." मग बिर्का ओढायची आणि झेन्झी मागून. काट्यांतून, ओढ्यांतून, कधी कधी हातापायांवर. शेवटी जनावर मिळालं की ती मोठ्यानं एकच शब्द म्हणायची, "सापडला." मागं राहिलेला शिकारी धापा टाकत यायचा, जनावराच्या तोंडात घास ठेवायचा, आणि दुसरी एक डहाळी मोडून तिचे दोन भाग करायचा. एक स्वतःच्या हॅटला, एक झेन्झीला. झेन्झी तिचा भाग कुत्रीच्या पट्ट्यात खोचायची. हा तिचा मोबदला. आणि खानावळीत रोझिनाकडची मुळांची कडू दारू.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी ती घंटा वाजवत असताना वर घळीकडून गोळीचा आवाज आला. दोर धरून ती थांबली. आवाज डोंगरांवरून फिरत फिरत विरला. तिनं घरी येऊन बिर्काचा पट्टा खाली काढून ठेवला आणि फोनची वाट बघितली. फोन वाजला नाही.

संध्याकाळी ती रोझिनाच्या खानावळीत गेली. आल्बान नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता, शेजारी सुतार लोइस.

"सकाळी तुम्हीच ना, काका?"

"मीच. रानबकरा होता. गोळी खडकावर गेली."

"काकांचा नेम चुकला?" लोइसनं टेबलावर थाप मारली. "रोझिना, चर्चची घंटा वाजव!"

"तुझ्या बायकोचा नेम चुकून तू तिच्या पदरात पडलास त्या दिवसापासून या दरीत काहीही होऊ शकतं," आल्बान म्हणाला. सगळे हसले. लोइस सर्वांत मोठ्यानं हसला.

"उद्या बिर्काला घेऊन एक चक्कर मारते," झेन्झी म्हणाली.

"कशाला? मी जाऊन बघितलं. केस नाही, रक्त नाही. खडकावर पांढरा ओरखडा आहे, एवढाच. तुझ्या गाई आधी खाली आण, पोरी. बर्फाचा वास येतोय."

दुसरा कुणी असता तर ती गेली असती. लोइस असता तर त्याला बाही धरून सोबत नेलं असतं. पण सांगणारा आल्बान होता, आणि आल्बानचा शब्द तपासायला जाणं म्हणजे देवळात जाऊन वेदी लाकडाचीच आहे ना हे ठोकून बघण्यासारखं. ती गाई आणायला गेली. नंतर तिला आठवलं की त्या संध्याकाळी त्यानं पेला डाव्या हातानं उचलला होता. उजवा हात पूर्ण वेळ टेबलाखाली मांडीवर होता.

आठवडा उलटून गेला असेल. वरच्या कुरणातल्या झोपडीच्या खिडक्या हिवाळ्यासाठी बंद करायला ती निघाली. सोबत बिर्का, साध्या पट्ट्यावर, कामावर नव्हती. घळीच्या तोंडाशी येताच बिर्कानं नाक वर केलं आणि अंग ताठ केलं. झेन्झीनं तिला मोकळं सोडलं आणि मागोमाग ओढ्याकाठी उतरली.

नर हरीण पाण्याच्या कडेला पडलं होतं. थोराड, रुंद शिंगांचं. खालचा जबडा गोळीनं उडाला होता, जे उरलं होतं ते एका बाजूला लोंबत होतं. जीभ सुजून काळी पडलेली. पोट पाठीला लागलं होतं. चिखलात त्याच्या खुरांनी ती जागा तुडवून तुडवून वाटोळी केली होती. तो पाण्याशी येत होता, तोंड बुडवत होता, पाणी वाहून जात होतं. परत येत होता. किती वेळा, ते चिखल सांगत होता आणि झेन्झीला ते वाचायचं नव्हतं.

तिनं हॅट काढली, गुडघे टेकले. मग तिला दिसलं की त्याच्या तोंडात घास आहे.

जबडा नव्हता, म्हणून ठेवणाऱ्यानं डहाळी वरच्या दातांमागं हलकेच दाबून बसवली होती, पडू नये म्हणून. शिंगांना हात लावलेला नव्हता. ज्या दोन दातांचे शिकारी बायकोसाठी दागिने करतात, ते दातही जागेवर होते. चोर नव्हता तो. आदरानं आलेला माणूस होता. झेन्झीनं डहाळी बाहेर काढली. चपट्या मऊ सुया, प्रत्येक सुईच्या पोटाला दोन पांढऱ्या रेघा.

फर.

घळीत स्प्रूस होता. हात लांब केला की मिळेल इतका जवळ. पण त्या माणसानं तिथली डहाळी मोडली नव्हती. त्यानं ती खाली देवळापाशी मोडली होती, खिशात ठेवून एवढा चढ चढून आणली होती. म्हणजे निघतानाच त्याला ठाऊक होतं की वर कुणीतरी मरून पडलं आहे. कुठं, तेही ठाऊक होतं. बापाच्या झाडाला एकटा आल्बानच हात लावायचा. दर वर्षी हुबर्टच्या सणाला एक डहाळी, स्वतःच्या हॅटसाठी.

ती तिथं बसून राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. बिर्का नराशेजारी आडवी झाली आणि तिच्याकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघत. "सापडला," हा शब्द झेन्झीच्या तोंडून निघाला नाही.

नरावर स्प्रूसच्या फांद्या रचून ती खाली आली. आल्बान घराच्या वळचणीखाली बाकावर बसून वाळवणासाठी सफरचंदं सोलत होता. सालाबरोबर निम्मं सफरचंद जात होतं.

"काका, नर सापडला."

सुरी थांबली. "कुठला नर?"

"त्याच्या तोंडात बाबांच्या झाडाची डहाळी होती."

बिर्का त्याच्या बुटांना नाक लावून शेपूट हलवत होती.

"बस," तो म्हणाला.

"बसत नाही."

"डोळ्यांत ढग आलेत, झेन्झी. वर्ष झालं. उजवा हात माझं ऐकत नाही. त्या दिवशी मला शिंगं दिसली आणि खाली काहीतरी तपकिरी. खांदा असेल म्हटलं."

"आणि जबडा लोंबताना बघितलात?"

"आवाज ऐकला. तो ओरडत नव्हता. श्वासाचा आवाज होता."

"मग मला फोन का केला नाहीत?"

"तू आली असतीस, आणि तू आलीस म्हणजे सापडला असता. खाली आणला असतास. सगळ्यांनी तो जबडा बघितला असता. दुसऱ्या दिवशी लोइस आणि सगळे टोप्या हातात घेऊन आले असते. काका, आता बंदूक ठेवा. मग मी काय करू? ही सफरचंदं सोलू?"

"तो पाण्यात तोंड घालून उभा होता, काका. पिता येत नव्हतं त्याला."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दोनदा गेलो होतो, संपवायला. पाण्यापाशी आवाज येत होता. मला दिसला नाही." त्यानं सुरी खाली ठेवली. "रोज संध्याकाळी त्याच्यासाठी जपमाळ ओढली. पूर्ण. एकही मणी सोडला नाही."

"जपमाळ ओढलीत."

"दुसरं काय करणार होतो मी?"

"मला बोलवणार होतात."

आल्बाननं सफरचंदाचा एक तुकडा उचलला, सवयीनं बिर्कापुढं धरला. तिनं तो खाल्ला.

"मग पक्षी घिरट्या घालायला लागले," तो म्हणाला. "तेवढं मला अजून दिसतं. वर गेलो. घास तरी द्यायला नको का? त्याला उपाशी कसा पाठवू?"

"उपाशीच गेला तो," झेन्झी म्हणाली. "उपाशी आणि तहानलेला. घास तुम्ही स्वतःला दिलात."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "रविवारी सांगतो. हुबर्टच्या पूजेला. शिकाऱ्यांची प्रतिज्ञा म्हणायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगतो आणि बंदूक वेदीपाशी ठेवतो. मला माझ्या तोंडानं सांगू दे. तोवर गप्प राहा, पोरी. माझ्यासाठी. तुझ्या बापासाठी."

शेवटचे शब्द त्यानं उच्चारायला नको होते, असं तिला तेव्हाच वाटलं. पण म्हातारा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो म्हणत होता, आणि हिमलोटातून तिच्या बापाला यानंच काढलं होतं. तिनं शब्द दिला.

ते दिवस तिनं जड अंगानं काढले. घंटा वाजवली, गाईंचं दूध काढलं. देवळातल्या हुबर्टच्या मूर्तीवरची धूळ पुसली. हुबर्टपुढं त्याला रानात दिसलेलं हरीण उभं आहे, शिंगांच्या मधोमध क्रूस धरून. लहानपणी तिनं आल्बानला विचारलं होतं, क्रूस हरणाच्याच डोक्यावर का? माणसाच्या का नाही? तो म्हणाला होता, "आपण गोळी झाडताना कुणाकडं बघतोय ते कळावं म्हणून." पुसता पुसता तिचा फडका त्या हरणाच्या तोंडाशी थांबला. लाकडी तोंड, मिटलेलं, अख्खं.

रविवारी सगळी दरी वर आली. देऊळ लहान, म्हणून पूजा बाहेरच्या गवतावर, फरच्या झाडाखाली झाली. हिरवे कोट, कुत्री, शिंगं फुंकणारे वाद्यवाले, रोझिनानं आणलेलं गरम सूप. फादर सेवेरिननं वेदीवर ब्रेड आणि द्राक्षारस ठेवला, वाद्यांचा सूर डोंगरावर आदळून परत आला. मग आल्बान पुढं आला. खांद्याला बंदूक, हातात हॅट, हॅटला फरची ताजी डहाळी.

झेन्झी समोरच्या रांगेत उभी होती.

आल्बाननं प्रतिज्ञा सुरू केली. ती त्याला पाठ होती, कागद त्याला कधीच लागला नव्हता. त्याला दिसत नाही हे म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नसावं. "प्रभू, जो जीव आम्ही घेतो तो तुझा आहे," तो स्वच्छ, भरदार आवाजात म्हणाला. "त्याला आम्ही खेळ समजणार नाही. त्याला वेदनेत टाकून आम्ही घरी जाणार नाही." सगळ्यांनी मागून म्हटलं. पुरुषांचा घोगरा आवाज एकदम उठला आणि खाली बसला. आल्बाननं क्रूसाची खूण केली आणि एक पाऊल मागं सरकला.

बंदूक त्याच्या खांद्यावरच होती.

झेन्झीला वाटलं, आता बोलेल. फादर आशीर्वादासाठी हात वर करत होते. आल्बाननं मान वळवली, ती जिथं असेल असं त्याला वाटलं तिकडं, तिच्या थोडं उजवीकडं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसला. लहानपणी ती घाबरली की तो असाच हसायचा. झालं, काही नाही, चल घरी.

"थोडं थांबा, फादर," झेन्झी म्हणाली.

ती बिर्काला घेऊन पुढं गेली. कोटाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून नराच्या तोंडातली डहाळी. स्प्रूसची असती तर एव्हाना सुया झडून काडी उरली असती. फर सुया धरून ठेवतो. काळपट रक्त वाळून चिकटलं होतं. तिनं डहाळी मधोमध मोडली. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, कारण तेवढ्यात सगळे गप्प झाले होते. एक भाग तिनं बिर्काच्या पट्ट्यात खोचला. दुसरा आल्बानपुढं धरला.

गोळी झाडणारा तो भाग माग काढणाऱ्याला देतो. त्या गवतावरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं. उलटं कधी होत नाही. आणि डहाळी कुठल्या झाडाची आहे, हे मान वर केली की दिसत होतं.

"सापडला, काका," ती म्हणाली.

त्याला घ्यावी लागली. हात पुढं आला आणि सगळ्यांनी तो थरथरताना बघितला. डहाळी हॅटच्या पट्टीत खोचायला त्यानं बोटांनी जागा चाचपली, सापडेना. पुन्हा चाचपली. डहाळी गवतावर पडली. लोइस उचलायला अर्धा वाकला आणि तसाच थांबला.

"तू शब्द दिला होतास," आल्बान म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल इतकं हळू.

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या ढगाळ डोळ्यांत खरंच दुखावलेपण होतं. तिनं त्याला फसवलं, असं त्याला वाटत होतं. एवढं मात्र तिनं गृहीत धरलं नव्हतं.

"तुम्हीही," ती म्हणाली.

लोइस तिच्या कोपराशी आला. "बाई, हे इथं करायचं नव्हतं. देवासमोर."

"मग कुठं करायचं, लोइस?"

फादर सेवेरिननं हात खाली घेतले होते. कुणीतरी खोकलं. वाद्यवाल्यांपैकी एकजण वाद्यातलं पाणी झटकत राहिला. झेन्झीनं देवळाची किल्ली खिशातून काढून वेदीवर, ब्रेडच्या ताटलीशेजारी ठेवली आणि वळली.

दोर ताणला गेला. बिर्का हलली नव्हती. ती आल्बानच्या बुटांवर बसली होती, पहिल्या हिवाळ्यात बसायची तशी. तिनं मान वर करून त्याचा रिकामा हात चाटला, आणि त्या हातानं, सवयीनं, तिच्या कानामागं खाजवलं. इतकी वर्षं डोंगरात कुत्री ओढायची आणि झेन्झी मागं जायची. त्या दिवशी फरच्या झाडाखाली झेन्झीला ओढावं लागलं. बिर्का आली, पण मागं बघत बघत.